रेशमाची नळी

माझ्या धाकट्या बहिणीच्या छातीवर हात ठेवला की आत काहीतरी घुरघुरताना हाताला लागायचं. मांजर मांडीवर घेऊन बसल्यावर जाणवतं तसं. ती तान्ही असल्यापासून ते होतं, त्यामुळे घरात कुणाला त्याचं नवल नव्हतं. पण ती धावली की थांबायची. विहिरीवरून हंडा आणताना मध्येच बांधावर बसायची. लावणीला थोडा वेळ वाकून काम केलं की तिचा चेहरा पांढराफटक पडायचा आणि ती कुणाला काही न सांगता चिखलातून बाहेर येऊन हात धुवायची.

मी सांगतो आहे ते स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांतलं. ती तेव्हा सोळाव्या वर्षात होती. खालापूर तालुक्यात, शिळफाट्याच्या अलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. थोडी भातशेती होती आणि वडील खोपोलीच्या वीजघरात कामाला होते. घाटावरच्या तलावांचं पाणी जाड लोखंडी नळांतून खाली वीजघरात येतं. त्या नळांचा गंज खरवडून त्यांना रंग देणाऱ्या टोळीत ते होते. मी मुंबईला वसतिगृहात राहून इंटर सायन्स करत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे डॉक्टरचा किंवा सरकारी कागदाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघायचे. मला तेव्हा फार अवघडल्यासारखं व्हायचं. थोडं ठाऊक असायचं, पुष्कळसं नसायचं.

कर्जतच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची छाती ऐकली आणि नळी कानातून काढून, पुन्हा लावून परत ऐकली. मग त्यांनी आम्हाला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं हृदयाचा एक नवा विभाग नुकताच सुरू झाला होता. तिथले डॉक्टर सावकाश बोलणारे होते. त्यांनी मला आणि वडिलांना समोर बसवून सांगितलं की हिच्या रक्ताच्या वाटेत कुठंतरी भोक आहे, जन्मापासूनचं. ते दोन ठिकाणी असू शकतं. हृदयाच्या बाहेर, दोन मोठ्या नसांना जोडणारी एक आखूड वाट असते, ती जन्मल्यावर आपोआप बुजते. हिची बुजली नसेल तर छाती उघडून ती रेशमी दोऱ्यानं बांधता येईल, आणि मुलगी बरी होईल. पण भोक हृदयाच्या आतल्या पडद्यात असेल, तर ते शिवायची विद्या अजून कुणाकडे नाही.

"कानानं ऐकून दोन्ही सारखीच वाटतात," ते म्हणाले. "नक्की कळायला एक बारीक नळी दंडातल्या शिरेतून हृदयापर्यंत न्यावी लागते. प्रत्येक ठिकाणचं थोडं थोडं रक्त काढून तपासलं की भोक कुठं आहे ते समजतं."

वडिलांनी तिथं फक्त मान हलवली. बोलले ते कर्जतला उतरून खोपोलीच्या गाडीची वाट बघताना.

"नळी घालनार म्हंजे काळीज बंद करनार का?"

"नाही. ते चालूच राहतं."

"चालू नळात?"

मला वाटलं आता यांना यांच्याच कामावरून समजावून सांगावं. मी म्हणालो, हृदय म्हणजे वीजघरच समजा, शिरा म्हणजे नळ, त्यात रक्ताचा दाब असतो, तोही हे लोक त्या नळीनं मोजणार. मी बराच वेळ सांगत होतो. मला स्वतःलाच ते छान जुळल्यासारखं वाटत होतं. वडील ऐकत होते, आणि जसजसं ऐकत होते तसतसा त्यांचा चेहरा उतरत चालला होता.

"आमी नळात कदी शिरतो ठाव हाय?" ते म्हणाले. "वरचं दार बंद करून, पानी सगळं सोडून दिलं, नळ भाईरून वाजवून बगितला, की मंग. भरल्या नळाला टाचनीएवढं भोक पडलं तर जी धार येते ना, तिच्यात फावड्याचा दांडा धरला तर तुटतो. मी बगितलंय. आन तू म्हनतोस चालू नळात नळी घालनार. माज्या पोरीच्या."

मी म्हणालो, रक्ताचा दाब तेवढा नसतो. ते म्हणाले, "तू बगितलायस?" मी काय बघितलं होतं? मी पुस्तकात बेडकाचं हृदय बघितलं होतं आणि प्रयोगशाळेत खरं बेडकाचं हृदय.

घरी नेमकं उलट झालं. मला भीती आईची होती, पण ती लगेच तयार झाली. तिनं एवढंच ऐकलं होतं की रेशमानं बांधली की पोरगी बरी होते. नळी आणि रेशीम तिच्या डोक्यात एकच झालेलं, आणि रेशीम तिच्या लेखी सोवळं. "रेशमानं काय वंगाळ व्हायचं?" ती म्हणाली. दुसऱ्याच दिवशी ती गावदेवीला कौल लावायला गेली. आमच्याकडे मोठं काही करायचं असलं की गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होकार समजतात. उजवी पडली. आईनं येऊन वडिलांना सांगितलं. वडील देवीला नाही म्हणणारे नव्हते, पण हो म्हणतानाही ते जेवणावरून अर्ध्यात उठले.

बहिणीला कुणी विचारलं नव्हतं. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच म्हणाली, "बा, नळ माजा हाय. फुटला तर तुमचा रंग फुकट जायाचा, येवडंच."

वडील हसले नाहीत. आई तिला म्हणाली, "जीभ बग कशी चालते. हंडा उचलताना कुठं जातो हा जोर?"

ठरल्या दिवशी आम्ही तिघं, वडील, ती आणि मी, इस्पितळात पोचलो. तिला उपाशी ठेवलं होतं. तिचं नाव पुकारलं गेलं आणि डॉक्टर स्वतःच बाहेर आले. त्यांच्या हातात ती नळी होती. मी ती तेव्हा पहिल्यांदा पाहिली. काळसर तपकिरी, चकचकीत, हातभराहून बरीच लांब आणि वेताच्या कोवळ्या काडीएवढी बारीक. टोकाला जरासा बाक. ती खिडकीच्या उजेडात धरून ते दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू सरकवत होते. एका जागी थांबले, मागे गेले, परत तिथंच थांबले. मग त्यांनी तो भाग वाकवून पाहिला. चकाकीवर केसाएवढ्या आडव्या रेघा उमटल्या.

"आज नाही होणार," ते म्हणाले.

मी विचारलं, का. त्यांनी नळी आमच्यासमोर धरली. ती रेशमी धाग्यानं विणलेली असते, आणि तिच्यावर रोगणाचे कितीतरी हात दिलेले असतात. एकावर एक, प्रत्येक वाळवून, घासून. म्हणून ती वाकते पण मोडत नाही, आणि आतून काचेसारख्या गुळगुळीत असलेल्या शिरेतून सरकते. ती उकळता येत नाही, उकळली तर रोगण फुटतं. म्हणून औषधाच्या वाफेत ठेवतात. तरीही वापरून वापरून ती कधीतरी तडकतेच. "तडकल्या जागी रेशीम उघडं पडतं," डॉक्टर म्हणाले. "उघड्या रेशमाला रक्त धरतं. तिथं गाठ होते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर आपण बरं करायला आणलेल्या मुलीला आपणच मारू."

"दुसरी नाही का?" मी विचारलं.

"आहे ती जाड आहे. हिची शीर बारीक. नव्या नळ्या परदेशातून बोटीनं यायच्या आहेत. आल्या की कळवतो."

वडिलांनी हात पुढे केला. डॉक्टरांनी नळी त्यांच्या हातात दिली, बहुधा ती आता टाकायचीच होती म्हणून. वडिलांनी तडकलेल्या जागेवरून नखाची कड फिरवली. मग तळहातावर नळीचं टोक दाबून पाहिलं. ते वाकलं, रुतलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं.

"मला वाटलं लोखंडाची असंल," ते म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "कशाची?" आणि मग ते हसले, पण आम्हाला हसण्यासारखं काही नव्हतं. बहीण बाकावर बसून विचारत होती, "मंग आता मी जेवू का?"

परतीच्या वाटेत वडील खूप बोलले. एरवी ते आठवडाभरात जेवढं बोलत तेवढं. गावात शिरताना म्हणाले, "मानूस बरा हाय तो. आमचा मुकादम असता तर म्हनला असता, मारा वरून एक हात, कोन बगतंय." आणि थोडं चालून, "आता आनीन मी तिला. बोलवू दे."

पण नळी तडकल्याचं ऐकून आई बिथरली. दारातच तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि बहिणीला आत घेतलं. "इस्पितळाच्या दारातून परत आली माजी पोर. यापरीस वाईट काय असतंय? मोडली ना नळी? तिला लावायच्या आदी मोडली. देवीनं दावलं."

"मोडली नाय, तडकली," वडील म्हणाले. "आन त्यानं बगितली म्हनून कळलं."

"तुमीच म्हनत होता ना, नळ चालू हाय, धार येल? आता काय झालं?"

"तवा मी नळी बगितली नव्हती."

"आन आता बगितली. तडकलेली."

वडील हातपाय धुवायला परसात गेले. मी मुंबईला परत गेलो. अभ्यासात लक्ष लागेना. आम्हाला प्राणिशास्त्र शिकवणारे सर रेशीमकिड्याचा कोश आतल्या जिवंत किड्यासकट उकळून धागा कसा काढतात ते सांगत होते तेव्हा माझ्या मनात आलं, आई रेशमाला सोवळं म्हणते ते हे. तिला ते सांगण्यात काही अर्थ नव्हता, आणि मी ते कधी सांगितलंही नाही.

दिवाळीच्या सुटीत मी घरी होतो तेव्हा इस्पितळाचं कार्ड आलं. नळ्या आल्या होत्या. मी ते वाचून दाखवलं. आई म्हणाली, "मी कौल लावल्याशिवाय पोर घराभाईर जानार नाय." वडील कामावर निघून गेले. आई, बहीण आणि मी देवळात गेलो. देऊळ म्हणजे सागाच्या खांबांवर कौलं, आणि आत शेंदूर माखलेला पाषाण. गुरव म्हातारा, आम्ही सगळे त्याला मामा म्हणायचो. त्यानं अबोलीच्या पाकळ्या पाण्यात बुडवल्या.

बहीण खांबाला टेकून दम घेत होती. चढ छोटासाच होता. ती म्हणाली, "मामा, एकच गाऱ्हानं दोनदा घालतात का?"

"नाय घालीत," गुरव म्हणाला. "एकदा दिला कौल की दिला. परत इचारलं तर देवीवर इस्वास नाय असं व्हतं."

"मंग आये परत काय इचारतेय?"

आई म्हणाली, "पहिला कौल त्या दिसाचा होता. तो दिस गेला."

"तू दिवस कुठं इचारलास? मामा, तुमीच सांगा. ही काय बोलली होती?"

गुरव पाकळी बोटावर घेऊन तसाच थांबला. त्याला आठवत होतं. असली गाऱ्हाणी त्याला आठवायची. "पोरीच्या काळजात रेशमाची नळी घालायची हाय, घालू का नको, असं बोलली होती," तो म्हणाला. "दिवसाचं काय नव्हतं, वयनी."

"मंग?" बहीण म्हणाली. "उजवा दिलाय ना देवीनं? मी घालून घेतली का नळी? नाय घेतली. मंग तो कौल अजून तसाच हाय."

आईनं गुरवाकडे बघितलं. गुरवानं पाकळ्या परत पाण्यात सोडल्या आणि ओला हात धोतराला पुसला. "पोरीचं बरोबर हाय," तो म्हणाला. आई तिथंच पायरीवर बसली. मग देवीपुढचा अंगारा घेऊन तिनं बहिणीच्या कपाळाला इतक्या जोरात लावला की बहिणीचं डोकं मागे गेलं.

उतरताना आई पुढे होती. बहिणीनं माझी बाही धरली आणि हळूच म्हणाली, "दादा, डावी पडली असती ना, तरी मी गेली असती. पर आयेला दुखवून जावं लागलं असतं." तिचा हात गार होता. तोपर्यंत मला वाटत होतं की तिला या सगळ्याची थट्टाच वाटते आहे.

या वेळी डॉक्टरांनी मला आत उभं राहू दिलं. ती घाबरली तर तिच्याशी तिच्या बोलीत बोलायला कुणीतरी हवं होतं. क्ष-किरण अडवायला माझ्या अंगावर शिशाचा जड पेहराव चढवला. खोलीत अंधार केला. डॉक्टरांनी आधीपासूनच लाल काचांचा चष्मा लावून डोळे अंधाराला सरावून घेतले होते. तिच्या डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला सुई देऊन जागा बधिर केली, छोटासा छेद घेतला, आणि शीर वर उचलून दोऱ्यावर तोलून धरली. मग नवी नळी आत गेली. मिठाच्या पाण्याचे थेंब तिच्यातून सारखे जात होते, ती तुंबू नये म्हणून.

हिरवट पडद्यावर मला आधी काहीच कळेना. मग फासळ्या दिसल्या, आणि फासळ्यांच्या मागे एक धूसर सावली आवळत, सुटत होती. ते माझ्या बहिणीचं हृदय होतं. दंडाकडून एक काळी रेघ आली, खांद्यापाशी वळली आणि खाली उतरू लागली.

"दादा, काय दिसतं?"

"रेघ दिसते. काळी."

"कुठवर आली?"

"आली जवळ."

"मला काय कळतच नाय. आत कायच लागत नाय." आणि एकाएकी, "आता मासळी उडाली."

डॉक्टरांनी विचारलं, काय म्हणते. मी सांगितलं, आत मासळी उसळल्यासारखं झालं म्हणते. "बरोबर आहे," ते म्हणाले, "टोक भिंतीला लागलं." त्यांनी नळी किंचित मागे घेतली, फिरवली, पुन्हा पुढे नेली. एकेका ठिकाणचं रक्त काचेच्या पिचकारीत काढलं. पिचकाऱ्यांत आधीच तेलाचा थर होता, रक्ताला हवा लागू नये म्हणून. प्रत्येक पिचकारी बर्फात ठेवली गेली. मी त्यांच्याकडे बघत होतो. पहिल्या पिचकारीतलं रक्त काळपट होतं. शेवटच्या काही मला त्याहून लाल वाटल्या, पण त्या उजेडात काही खरं समजणं शक्य नव्हतं. मी मनाला तेच सांगितलं.

बाहेर वडील भिंतीला टेकून उभे होते. बाक मोकळा होता तरी बसले नव्हते. मला बघून त्यांनी नुसती भुवई वर केली. मी म्हणालो, "झालं. बरी आहे." त्यांनी पागोटं काढलं, परत घातलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर तिच्या खाटेपाशी आले. मला बाजूला नेऊन सांगायला लागले, तर ती म्हणाली, "हितंच सांगा. नळी माज्यात होती." मग त्यांनी तिथंच सांगितलं. भोक आतल्या पडद्यात आहे. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात अशुद्ध रक्तच असायला हवं, तिथंच शुद्ध मिसळलेलं सापडलं. बाहेरचं असतं तर बांधलं असतं.

"मंग आता?" तिनं विचारलं.

"आता काही करता येत नाही. पुढं येईल विद्या, कदाचित."

"कदी?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी करता येण्यासारखं होतं ते सांगितलं. जड उचलायचं नाही. दम लागला की थांबायचं. ताप आला तर अंगावर काढायचा नाही, लगेच डॉक्टरकडे जायचं. आणि दात सांभाळायचे. किडक्या दातातून जंतू रक्तात शिरतात आणि अशा भोकाच्या कडेला जाऊन बसतात. तसं झालं तर ताप हटत नाही, माणूस जातं.

"दात?" तिनं मला विचारलं, आपण काही चुकीचं ऐकलं का हे बघायला. मी म्हणालो, हो, दात. ती भिंतीकडे तोंड करून झोपली. वडील मला म्हणाले, "परत सांग. तापाचं काय, आन दातांचं काय." मी परत सांगितलं. त्यांनी ते ओठांतल्या ओठांत घोकलं.

घरी पोचलो तेव्हा आई अंगणात होती. तिनं आधी बहिणीच्या कोपरावरची पट्टी बघितली, मग वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "पोरगा सांगंल." बेडकाच्या हृदयाचे सगळे कप्पे मला इंग्रजीतून पाठ होते. आईला सांगायला एक वाक्य जुळेना. शेवटी म्हणालो, "भोक आत हाय, आये. बांदता येत नाय." आईनं सूप उचलून तांदूळ पाखडायला घेतले. ते आधीच पाखडलेले होते.

मी निघायच्या आदल्या दिवशी वडील शिळफाट्याच्या बाजारातून दंतमंजनाचा एक डबा घेऊन आले. आमच्याकडे सगळे राखेनं नाहीतर मिश्रीनं दात घासायचे. डबा असा पहिल्यांदाच घरात आला. सकाळी ते तिला घेऊन परसात गेले. एरवी ते या वेळी कामावर निघालेले असत. ती दात घासत होती आणि ते तांब्या घेऊन जवळ उभे होते.

"झालं, बा."

"दाव."

तिनं दात दाखवले.

"मागचं?"

तिनं तोंड उघडलं. वडिलांनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत बघत राहिले. त्यांना काय बघायचं ते माहीत नव्हतं. पण त्यांनी एकेक दात पाहिला. मग म्हणाले, "डाव्या अंगाचं परत घास," आणि तांब्यातलं पाणी तिच्या हातावर ओतलं.